रोहिण्यांतील गाळ : औषध केव्हा व किती काळ?

वाराणसीस गंगेचा पूर दरवर्षी आश्विनाच्या सुमारास ओसरतो आणि घाटांच्या पायऱ्यांवर करड्या गाळाचा जाड थर मागे राहतो. हा गाळ काढण्याची रीत पाहण्याजोगी असते. पाणी जसजसे एकेक पायरी खाली उतरते, तसतसे नदीचेच पाणी पंपाने उपसून ओल्या गाळावर त्याचा जोराचा फवारा मारतात, आणि गाळ विरघळून पुन्हा पात्रात जातो. गाळ ओला आहे तोवर हे काम पाण्याने होते. काही आठवडे दुर्लक्ष झाले व ऊन लागले, की तोच गाळ घट्ट बसतो. मग कुदळीवाचून गत्यंतर राहत नाही.

मनुष्याच्या शरीरातही एक प्रकारचा गाळ साचत असतो. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या ज्या वाहिन्या आहेत त्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. या रोहिण्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल नावाचा मेदासारखा पदार्थ साठत जाऊन त्यांचा मार्ग अरुंद होतो, या अवस्थेस रोहिणीविलेपी विकार असे नाव आहे. घाटाची उपमा येथे पूर्णपणे लागू पडत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. रोहिणीतील गाळ पायरीवरील चिखलाप्रमाणे पृष्ठभागावर बसलेला नसतो. तो भिंतीच्या आतील अस्तराखाली मुरलेला असतो आणि कालांतराने त्याभोवती तंतू व चुना जमतात. परंतु ओल्या व वाळलेल्या गाळातील भेद मात्र येथेही खराच आहे, आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध केव्हा सुरू करावे व किती काळ घ्यावे हा प्रश्न त्या भेदावरच उभा आहे.

या प्रश्नाचा इतिहास सांगताना वाराणसीचे नाव घेण्यास आणखीही एक कारण आहे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या एका भारतीय वनस्पतीचा आधुनिक पद्धतीने झालेला पहिला महत्त्वाचा अभ्यास याच नगरीत, काशी हिंदू विश्वविद्यालयात, झाला.

गुग्गुळाचा प्रबंध

सुश्रुतसंहिता हा शल्यतंत्राचा प्राचीन ग्रंथ काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी शिष्यांस केलेल्या उपदेशाच्या रूपाने रचलेला आहे. त्यात मेदोरोगाचे जे वर्णन आहे त्याचा आशय थोडक्यात असा : अतिभोजन व व्यायामाचा अभाव यांमुळे मेद वाढतो, वाढलेला मेद शरीरातील स्रोतसांचा, म्हणजे वाहण्याच्या मार्गांचा, अवरोध करतो, आणि या अवरोधातून पुढे अनेक गंभीर विकार उद्‌भवतात. त्यावर सांगितलेल्या द्रव्यांत गुग्गुळाची गणना आहे.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी या वर्णनाकडे एका नव्या दृष्टीने पाहिले. पाश्चात्त्य वैद्यकात त्या सुमारास रक्तातील कोलेस्टेरॉल व हृदयविकार यांच्या संबंधाची चर्चा जोरात होती. प्राचीन ग्रंथातील ‘मेदाने होणारा स्रोतोरोध’ आणि प्रयोगशाळेतील ‘रोहिणीविलेपी विकार’ यांत जर काही साम्य असेल, तर मेदोरोगावरील औषध रक्तातील कोलेस्टेरॉलवरही चालावे, असा त्यांचा तर्क होता. सशांमध्ये कोलेस्टेरॉलचे प्रमाण मुद्दाम वाढवून त्यांना गुग्गुळ देण्यात आले, तेव्हा ते प्रमाण उतरले आणि रोहिण्यांनाही संरक्षण मिळाले असे आढळले. १९६६ साली त्यांनी विश्वविद्यालयास प्रबंध सादर केला, सी. द्वारकानाथ व एस. एन. त्रिपाठी यांच्यासमवेत लिहिलेला शोधनिबंध १९६९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकपदापर्यंत पोहोचल्या.

येथे एक सावधगिरी हवी. सुश्रुताच्या ग्रंथातील मेद म्हणजे आजचे कोलेस्टेरॉल नव्हे. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो. पण सत्यवतींच्या कामाचे मोल याहून निराळे आहे. त्यांनी जुन्या वचनास पुरावा मानले नाही. त्यापासून त्यांनी एक प्रश्न घडविला व तो सशांपुढे ठेवला. आणि त्या वचनात एक गोष्ट खरोखरच मोलाची होती : त्यात रोगाला काळ लागतो. आधी आहार, मग संचय, मग अवरोध आणि अखेरीस रोग असा तो क्रम आहे.

गुग्गुळ हा कच्छ, सौराष्ट्र व राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा डिंक होय. खोडाला चिरा पाडल्या म्हणजे तो पाझरतो. पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत सुखदेव व त्यांचे सहकारी पाटील व नायक यांनी या डिंकातील स्टेरॉइड वर्गातील घटक वेगळे काढून १९७२ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी दोन द्रव्ये गुग्गुलस्टेरोन या नावाने ओळखली जातात. १९८४ साली काशी हिंदू विश्वविद्यालयातील संशोधकांनी त्यांतील एकाची अवटू ग्रंथीला, म्हणजे थायरॉइडला, उत्तेजना देणारी क्रिया दाखवून दिली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने डिंकाचा शुद्ध अर्क सिद्ध केला व त्यावर देशातील अनेक रुग्णालयांत चाचण्या झाल्या. १९८०–९० या दशकात तो ‘गुगलिप’ या नावाने बाजारात आला. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी यकृतपेशींतील पित्ताम्लांची जाणीव ठेवणाऱ्या एका ग्राहीवर गुग्गुलस्टेरोन रोधक परिणाम करते असे दाखविले, तेव्हा तर या डिंकाचे रहस्य उलगडले असेच पुष्कळांना वाटले.

परंतु पुढच्याच वर्षी, २००३ साली, फिलाडेल्फिया येथील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाढीव कोलेस्टेरॉल असलेल्या १०३ व्यक्तींचे तीन गट करून दोघांना गुग्गुळाचा अर्क कमीअधिक मात्रेत व तिसऱ्यास औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी आठ आठवडे देण्यात आली. निर्गुण गोळी घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल शेकडा ५ ने उतरले. गुग्गुळ घेणाऱ्यांचे मात्र शेकडा ४ ते ५ ने चढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. भारतीय चाचण्या व ही चाचणी यांतील विरोध आहारातील फरकामुळे आला की अर्काच्या घडणीतील फरकामुळे, यावर बराच वाद झाला.

या वादात एक मुद्दा मागे पडला, आणि तोच येथे महत्त्वाचा आहे. फिलाडेल्फियाची चाचणी आठ आठवड्यांची होती. भारतातील चाचण्याही काही आठवड्यांच्या वा फार तर काही महिन्यांच्या होत्या. त्यांत मोजला गेला तो रक्तातील आकडा. हृदयविकाराचे झटके त्यामुळे कमी झाले की नाही हे मोजण्यास वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे गुग्गुळाची परीक्षा कोणीच घेतली नाही. म्हणून गुग्गुळाने हृदयविकार टळतो असे म्हणण्यास आजही पुरेसा आधार नाही. आकडा उतरविणे हे साधन आहे. साध्य दूर आहे, आणि दोहोंमध्ये काळाचे लांब अंतर आहे.

गाळ केव्हा साचू लागतो?

सेंट पीटर्सबर्ग येथे १९१३ साली आनिच्कोव्ह व त्यांचे सहकारी खलातोव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर उत्पन्न केले. सत्यवतींनी पन्नास वर्षांनंतर जी प्रयोगपद्धती वापरली तिचे मूळ येथे आहे. परंतु मनुष्यात हा प्रकार म्हातारपणी घडतो अशीच समजूत पुष्कळ काळ होती. या समजुतीस पहिला मोठा धक्का बसला तो युद्धामुळे. कोरियातील युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदने करण्यात आली व १९५३ साली त्यांचे वृत्त प्रसिद्ध झाले. या सैनिकांचे सरासरी वय २२ वर्षांचे होते. हे धडधाकट तरुण होते. छातीत दुखल्याची तक्रार त्यांच्यापैकी कोणी कधी केली नसावी. तरीही शेकडा ७७ जणांच्या हृद्‌रोहिण्यांत विकाराच्या खुणा उघड दिसत होत्या.

पुढील संशोधनावरून असे दिसून आले, की मेदाच्या पिवळसर रेषा बालपणीच उमटू लागतात. त्यांतील काही विरून जातात. काहींचे पुढे उंचवटे होतात, त्यांवर तंतुमय आवरण चढते व आत चुन्याचे कण बसतात. झटका येतो तो बहुधा हे आवरण एखाद्या ठिकाणी फाटून तेथे रक्ताची गुठळी झाल्यामुळे. म्हणजे ज्या सकाळी छातीत कळ आली, त्या सकाळी रोगाचा आरंभ झालेला नसतो. त्यापूर्वी तीस-चाळीस वर्षे तो चालू असतो.

हिंदुस्थानच्या दृष्टीने याला विशेष महत्त्व आहे. ५२ देशांत केलेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातील माहितीवरून २००७ साली असे दाखविण्यात आले, की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका मध्यमानाने ५३ व्या वर्षी येतो; इतर देशांत हे वय सुमारे ५९ वर्षांचे आहे. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटाचा घेर व रक्तातील मेदवाहक कणांचे विषम प्रमाण ही कारणे दोन्हीकडे सारखीच आढळली. आपल्याकडे ती लवकर येऊन चिकटतात इतकाच फरक.

बुरशीतून निघालेले औषध

रक्तातील कोलेस्टेरॉलपैकी मोठा भाग आहारातून येत नाही, तो शरीर स्वतःच तयार करते; यात यकृताचा वाटा मोठा असतो. यकृतातून निघालेले कोलेस्टेरॉल ज्या कणांतून रक्तात हिंडते त्यांतील एका प्रकारास एलडीएल म्हणतात, आणि रोहिणीच्या भिंतीत शिरतात ते मुख्यतः हेच कण. हे कण रक्तातून परत उचलून घेणारे ग्राही यकृतपेशींवर असतात. या ग्राहींचा शोध लावल्याबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांस १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जपानमध्ये अकिरा एंदो यांनी १९७१ पासून हजारो बुरशींची छाननी करून कोलेस्टेरॉल बनविणाऱ्या एका प्रकिण्वास अडविणारे द्रव्य शोधण्याचा उद्योग आरंभिला होता. तांदळावर आढळलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत १९७३ साली ते सापडले. उंदरांवर त्याचा काहीच परिणाम होईना, म्हणून ते जवळजवळ टाकून दिले जाणार होते. कोंबड्या व कुत्री यांच्यावरील प्रयोगांनी ते वाचविले. या वर्गातील औषधांना स्टॅटिन म्हणतात. त्यांपैकी पहिले औषध १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले. ही औषधे कोलेस्टेरॉलचे उत्पादन कमी करतात हे खरे, परंतु त्यांचा खरा उपयोग पुढच्या पायरीवर होतो : उत्पादन घटल्यामुळे यकृतपेशींना तूट भासते, त्या आपल्या पृष्ठभागावर अधिक ग्राही उभे करतात आणि रक्तातील एलडीएल ओढून घेतात.

गुग्गुळाची जी परीक्षा कधीच झाली नाही ती या औषधांची झाली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांना सिम्वास्टॅटिन किंवा निर्गुण गोळी देऊन मध्यमानाने ५.४ वर्षे पाहण्यात आले. निर्गुण गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ मरण पावले, औषध घेणाऱ्यांपैकी १८२. पहिल्या वर्षभरात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता; तो त्यानंतर पडू लागला व वाढतच गेला. पुढे अशा अनेक चाचण्यांची माहिती एकत्र केली असता असे दिसले, की एलडीएल दर डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरल्यास पहिल्या वर्षी धोका सुमारे एक-दशांशाने घटतो, तर त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी जवळजवळ एक-चतुर्थांशाने. रक्तातील आकडा औषध सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांत उतरतो. रोहिणीच्या भिंतीला त्याची वार्ता पोहोचण्यास वर्ष लागते.

एक हिशेब

औषध केव्हा सुरू करावे, या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी शाळेतील विद्यार्थ्यांनीही करून पाहण्याजोगा एक हिशेब मांडू. रोहिणीतील संचय हा एलडीएलचे प्रमाण व वर्षे यांच्या गुणाकाराइतका असतो असे क्षणभर धरून चालू. हे ढोबळ आहे, कारण जन्मतः एलडीएल बरेच कमी असते व ते सर्व आयुष्यभर सारखे राहत नाही. तरी कल्पना येण्यास ते पुरेसे आहे. एलडीएल १२५ असणाऱ्याचा संचय चाळीस वर्षांत ५,००० होतो. १६० असणारा तेथे सव्वाएकतीस वर्षांतच पोहोचतो, आणि ८० असणाऱ्यास साडेबासष्ट वर्षे लागतात.

आता १६० असणाऱ्या मनुष्याने औषध घेऊन ते शेकडा ४० ने, म्हणजे ९६ पर्यंत, उतरविले असे समजा. काहीच न केल्यास साठाव्या वर्षी त्याचा संचय ९,६०० होईल. पन्नासाव्या वर्षी औषध सुरू केल्यास तो ८,९६० होईल. तेच औषध, तीच मात्रा, पण तिसाव्या वर्षी सुरू केल्यास ७,६८०. पहिल्या प्रकारात बचत ६४० ची, दुसऱ्यात १,९२० ची, म्हणजे तिप्पट.

हा केवळ कागदावरचा खेळ आहे काय? निसर्गाने स्वतःच केलेल्या काही प्रयोगांवरून तसे वाटत नाही. काही लोकांत एका जनुकातील बदलामुळे एलडीएल जन्मापासूनच कमी राहते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कृष्णवर्णीय लोकांपैकी शेकडा २.६ जणांत असा बदल आढळला. त्यांचे एलडीएल इतरांहून शेकडा २८ नेच कमी होते, तरी पंधरा वर्षांच्या निरीक्षणात त्यांच्यातील हृद्‌रोहिणीविकार शेकडा ८८ ने कमी दिसून आला. अशा निरनिराळ्या जनुकांचा एकत्र विचार करून २०१२ साली काढलेला निष्कर्ष असा, की जन्मापासून उतरलेले एलडीएल हे उतारवयात औषधाने तितकेच उतरविलेल्या एलडीएलपेक्षा सुमारे तिप्पट संरक्षण देते.

याच्या उलट प्रकारही आहे. काही कुटुंबांत आनुवंशिक दोषामुळे मुलांचे एलडीएल जन्मतःच फार अधिक असते. नेदरलँड्समध्ये अशा २१४ मुलांना सरासरी चौदाव्या वर्षापासून स्टॅटिन देऊन वीस वर्षे पाहण्यात आले व २०१९ साली त्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्या मुलांच्या ज्या आईला वा वडिलांना हाच दोष होता, त्यांच्या तरुणपणी ही औषधे उपलब्ध नव्हती. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत या मातापित्यांपैकी शेकडा २६ जणांना हृदय वा रोहिण्यांचा गंभीर विकार झाला होता. त्याच वयापर्यंत मुलांपैकी शेकडा एकाला. एकच रक्त, एकच दोष. फरक औषधाच्या आरंभाचा. या विषयातील सर्व आकड्यांत इतके बोलके आकडे दुसरे नसतील. ज्या घरात पुरुषांना पंचावन्न किंवा स्त्रियांना पासष्ट वर्षांच्या आत झटका आला आहे, त्या घरातील मुलांचे रक्त एकदा तपासून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मग सर्वांनीच तिसाव्या वर्षी?

तसे मात्र म्हणता येत नाही. वरील हिशेब खरा असला तरी तीस वर्षे औषध घेणारा निरोगी तरुण व न घेणारा निरोगी तरुण यांची तुलना करणारी चाचणी झालेली नाही, आणि इतकी दीर्घ चाचणी होणेही कठीण आहे. प्रचलित रीत अशी : ज्यांना एकदा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला त्यांना औषध ताबडतोब व पुऱ्या मात्रेत द्यावे, एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांना आणि चाळिशीपुढील बहुतेक मधुमेह्यांना ते द्यावे, इतरांच्या बाबतीत पुढील दहा वर्षांत झटका येण्याचा संभव किती हे वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह व कोलेस्टेरॉल यांवरून काढून मग ठरवावे. या रीतीत एक उणीव आहे. दहा वर्षांच्या हिशेबात वयाचे वजन इतके मोठे असते, की पस्तीस वर्षांचा मनुष्य एलडीएल १७० असूनही ‘सुरक्षित’ ठरतो. त्याचा गाळ साचतच असतो. फक्त गणिताला तो दिसत नाही. घाटावर कुदळ लागण्याची वेळ येईपर्यंत थांबण्यासारखेच हे होय. म्हणून अलीकडे वैद्यकातील पुष्कळ जाणते लोक दहा वर्षांच्या धोक्याऐवजी आयुष्यभराचा धोका पाहावा, असा आग्रह धरू लागले आहेत.

तथापि तरुण वयात गाळ रोखण्याचे साधन म्हणजे औषधच, असे समजण्याचे कारण नाही. वाराणसीच्या गल्ल्यांतून सकाळी कचोरी व जिलबी यांचा जो सुवास दरवळतो त्याच्याशी कोणाचे वैर असू नये. पण ती कशात तळली आहे हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वनस्पती तूप म्हणून जो पदार्थ अनेक दशके स्वस्त म्हणून खपला, त्यातील ट्रान्स मेदाम्ले एलडीएल वाढवितात व हितकारक कोलेस्टेरॉल कमी करतात. भारतात जानेवारी २०२२ पासून अशा तेलातुपांतील ट्रान्स मेदाम्लांवर शेकडा २ ची मर्यादा घालण्यात आली आहे. तंबाखू सोडण्यास तर वयाची कोणतीच अट नाही. औषध सुरू करण्यापूर्वी थायरॉइडची तपासणी करावी, कारण त्या ग्रंथीचे कार्य मंदावले म्हणजेही कोलेस्टेरॉल वाढते आणि तेव्हा उपाय निराळा असतो. गर्भवती स्त्रियांना स्टॅटिन सामान्यतः देत नाहीत.

दिवसातील वेळ

‘औषध केव्हा’ या प्रश्नाचा आणखी एक लहान अर्थ आहे : दिवसातील कोणत्या प्रहरी? यकृतातील कोलेस्टेरॉलचे उत्पादन रात्री, विशेषतः मध्यरात्रीनंतर, अधिक असते. सिम्वास्टॅटिनसारखी औषधे शरीरात थोडेच तास टिकतात; म्हणून ती सायंकाळी किंवा निजण्यापूर्वी घ्यावयाची. अटॉर्वास्टॅटिन व रोसुवास्टॅटिन यांचा अंमल दीर्घकाळ राहत असल्याने ती सकाळी घेतली काय व रात्री घेतली काय, फरक पडत नाही. ज्या वेळी घेणे विसरत नाही ती वेळ त्यांच्यासाठी योग्य. या लहान प्रश्नावर घरोघरी जितकी चर्चा होते तितकी मोठ्या प्रश्नावर झाली तर बरे.

किती काळ?

मोठा प्रश्न हा, की औषध थांबवावयाचे केव्हा. ताप आला, गोळ्या घेतल्या, ताप उतरला, गोळ्या बंद केल्या, ही रीत मनात इतकी रुजलेली आहे, की कोलेस्टेरॉलचा अहवाल ठीक आला म्हणजे अनेक रुग्ण स्वतःच औषध बंद करतात. एक चूक येथे घडते. अहवाल ठीक आला तो औषध चालू होते म्हणून. ते थांबविल्यावर यकृत पूर्ववत उत्पादन करू लागते व काही आठवड्यांतच आकडा पहिल्या ठिकाणी येतो. झटका येऊन गेलेल्या रुग्णाने असे एकाएकी औषध सोडणे विशेष धोक्याचे आहे.

साचलेला गाळ औषधाने निघून जातो काय? फार थोडा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोसुवास्टॅटिनची सर्वांत मोठी मात्रा दोन वर्षे देऊन हृद्‌रोहिण्यांची आतून मोजणी करण्यात आली, तेव्हा भिंतीतील संचयाचे प्रमाण शेकडा एकाहून कमी उतरले. परंतु राहिलेला गाळ स्थिरावतो, त्यावरील आवरण बळकट होते व ते फाटण्याचा संभव कमी होतो. औषधाचे हे काम रोजचे आहे. कधी तरी एकदा ‘पूर्ण’ व्हावे असे ते नाही.

तरीही घेतलेल्या वर्षांचे पुण्य अगदीच वाया जात नाही. पश्चिम स्कॉटलंडमध्ये ४५ ते ६४ वयाच्या ६,५९५ पुरुषांवर झालेल्या चाचणीत प्रावास्टॅटिन सुमारे पाच वर्षे देण्यात आले होते. त्यांना पूर्वी कधी झटका आलेला नव्हता. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृद्‌रोहिणीविकाराच्या घटना शेकडा ३१ ने कमी आढळल्या. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांतील लोकांनी पुढे औषध जवळजवळ सारख्याच प्रमाणात घेतले वा घेतले नाही. आणि तरी वीस वर्षांनंतरही पहिल्या गटात हृद्‌रोहिणीविकाराने होणारे मृत्यू कमीच होते. त्या पाच वर्षांत जो गाळ साचला नाही, तो साचला नाही.

औषध सोडण्यास लोक जी कारणे देतात त्यांत स्नायूंचे दुखणे मुख्य आहे. ते कधी कधी खरेच औषधामुळे होते व क्वचित गंभीरही असते, म्हणून वैद्यास सांगितलेच पाहिजे. परंतु निर्गुण गोळी घेणारेही असे दुखणे जवळजवळ तितक्याच संख्येने सांगतात. मोठ्या चाचण्यांची २०२२ साली झालेली एकत्रित तपासणी सांगते, की औषध घेणाऱ्यांनी केलेल्या अशा पंधरा तक्रारींपैकी सुमारे एकच औषधामुळे असते व तीही बहुधा पहिल्या वर्षात. ज्यांची रक्तशर्करा आधीच काठावर आहे अशा काहींत मधुमेह थोडा लवकर प्रकट होतो हेही खरे. तेव्हा साखरेवर लक्ष ठेवावे, पण तेवढ्यासाठी औषध सोडू नये असाच बहुतेकांचा सल्ला आहे. मात्रा कमी करणे, याच वर्गातील दुसरे औषध देणे असे मार्ग असतातच.

शेवटी उतारवयाचा प्रश्न राहतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या व कधीही झटका न आलेल्या मनुष्याने हे औषध चालू ठेवावे काय, किंवा नव्याने सुरू करावे काय? फ्रान्समध्ये ७५ वर्षे वयाच्या १,२०,१७३ व्यक्तींच्या नोंदी पाहण्यात आल्या. त्या सर्व काही काळ स्टॅटिन घेत होत्या व कोणासही पूर्वी हृदयविकार नव्हता. ज्यांनी औषध थांबविले त्यांना हृदय वा रोहिण्यांच्या विकारामुळे रुग्णालयात दाखल होण्याचा धोका शेकडा ३३ ने अधिक आढळला. २०१९ सालच्या या वृत्तावरून औषध सोडू नये असे वाटते खरे, पण ही केवळ नोंदींची तपासणी होती. औषध सोडणारे लोक आधीच अधिक दुर्बल किंवा आजारी असतील तर तेवढ्यानेही आकडा वाढू शकतो. नव्याने सुरू करण्याविषयी पुरावा याहूनही अपुरा आहे. म्हणून ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील सुमारे १०,००० व अमेरिकेत पंचाहत्तरीपुढील सुमारे २०,००० लोकांवर निर्गुण गोळीशी तुलना करणाऱ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. त्यांत केवळ झटके मोजावयाचे नाहीत. स्मरणशक्ती शाबूत राहिली काय आणि मनुष्य आपले व्यवहार आपणच करू शकतो काय, याचीही नोंद घ्यावयाची आहे. ऐंशीच्या घरातील मनुष्यास हिशेब विचारला, तर बहुधा तो याच गोष्टींचा हिशेब मागेल.